डोळ्यांसाठीची गोळी: आधी डबीची मागची बाजू वाचा

आज दिवसभर एकच प्रश्न फिरून फिरून आला: साठी उलटली, डोळ्यांसाठी व्हिटॅमिनची गोळी सुरू करू का? म्हणून इथे लिहितेय.

डोळे निरोगी असतील तर नको. वयामुळे होणारी मॅक्युलाची (डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाची) झीज सुरूच होऊ नये, हे काम ही गोळी करत नाही. मोतीबिंदूही टळत नाही. उपयोग आहे तो झीज मधल्या टप्प्यावर असताना, किंवा एका डोळ्यात ती पुढे गेलेली असताना. अशांमध्ये पाच वर्षांत आजार शेवटच्या टप्प्याला जाण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला, हे एआरईडीएस या अभ्यासात २००१ साली दिसलं. गेलेली नजर मात्र परत येत नाही. टप्पा कोणता, हे बाहुली मोठी करून पडदा तपासल्यावरच कळतं.

आता डबी. रोजच्या मात्रेत हे हवं: क जीवनसत्त्व ५०० मिलिग्रॅम, ई ४०० आययू (जीवनसत्त्व मोजायचं एकक), ल्युटीन १०, झियाझँथिन २, जस्त ८० आणि तांबं २ मिलिग्रॅम. आकडे एका गोळीचे की दोन गोळ्यांचे, तेही बघा. तांबं का? एवढ्या जस्ताने शरीरातलं तांबं घटतं आणि रक्तक्षय होऊ शकतो. उपाशीपोटी घेतली तर मळमळतं, जेवणानंतर घ्या.

डबीवर बीटा कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) लिहिलं असेल आणि तुम्ही सिगारेट ओढत असाल, किंवा पूर्वी ओढत होतात, तर ती डबी कृपा करून परत करा. फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. २०१३ च्या दुसऱ्या अभ्यासानंतर त्याजागी ल्युटीन आलं ते म्हणूनच.

आणि रोज एकेक डोळा झाकून चौकटीचा कागद बघा. रेघ वाकडी दिसली तर गोळीवर विसंबू नका, लगेच डॉक्टर गाठा.