रात्री आपोआप सुरू होणारं आर्केड

पहिल्यांदा घडलं तेव्हा पहाटेचे पावणेतीन वाजले होते. बाहेरच्या खोलीतून नाणं पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एका जुन्या गेमची धून. उठून बघतो तर आर्केडच्या, म्हणजे घरच्या व्हिडिओ गेमच्या कपाटाच्या, स्क्रीनवर गेमची यादी झळकत होती. झोपायच्या आधी मी ते स्वतः बंद केलं होतं, वरच्या पाटीचा दिवा विझलेलाही पाहिला होता.

हे केबिनेट मी सुट्टीच्या दिवसांत खपून बांधलंय. आत साधा डेस्कटॉप, विंडोज १० आणि जुने आर्केड गेम संगणकावर चालवणारं मेम हे इम्युलेटर आहे. जॉयस्टिक आणि बटणांच्या सगळ्या तारा यूएसबी एन्कोडर नावाच्या एका छोट्या सर्किटवर येतात, आणि संगणकाला तो चक्क कीबोर्ड वाटतो. डब्यात संगणकाचं मूळ बटण हाताला येत नव्हतं, म्हणून कंट्रोल पॅनेलच्या कडेला एक आर्केड बटण बसवून तिथून दोन तारा मदरबोर्डच्या, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डच्या, पॉवर स्विचच्या पिनांपर्यंत नेल्या होत्या.

बंद केलेला संगणक पूर्ण बंद नसतो, हे मला वरवर माहीत होतं. या प्रकरणात ते नीट समजलं. भिंतीवरचा स्विच चालू असेपर्यंत एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, मदरबोर्डला स्टँडबायचे ५ व्होल्ट देत राहतो. तेवढ्या विजेवर पॉवर बटण, नेटवर्क कार्ड, कीबोर्ड, घड्याळाचा अलार्म यांपैकी कोणीही मशीन उठवू शकतं. म्हणजे संशयित मोजकेच होते.

माझा पहिला संशय माझ्याच एका सेटिंगवर होता. वीज गेली आणि परत आली की काय करायचं, हे बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, ठरवता येतं. एका मुख्य स्विचवर मॉनिटर, अ‍ॅम्प्लिफायर, संगणक असं सगळं एकदम सुरू व्हावं म्हणून मी तिथे ‘चालू हो’ ठेवलं होतं. आर्केड बांधणारे बरेच जण तसंच करतात. रात्री क्षणभर वीज गेली असणार, असं धरून ते सेटिंग ‘बंदच राहा’ केलं. प्रश्न सुटला अशी माझी खात्री होती. तिसऱ्या रात्री पुन्हा तीच धून.

मग विंडोजची झडती घेतली. मशीन शेवटी कशानं उठलं आणि उठवणारे टायमर कोणते, हे सांगणाऱ्या पॉवरसीएफजी लास्टवेक आणि वेकटाइमर्स या कमांड चालवून पाहिल्या, हाती काही लागलं नाही. विंडोज लवकर सुरू करणारं फास्ट स्टार्टअप बंद केलं, कारण ते चालू असताना शटडाउन म्हणजे अर्धवट हायबरनेशनच, विंडोजची स्थिती डिस्कवर जपून बंद होणं, असतं. फरक पडला नाही. बायोसमध्ये वेक ऑन लॅन (नेटवर्कवरून उठणं), घड्याळाचा अलार्म, कीबोर्डने सुरू होणं, सगळं बंद केलं. एन्कोडर काढूनही एक रात्र काढली. त्याच रात्री मशीन दोनदा सुरू झालं.

वळण आलं ते बायोसमधल्या ईआरपी नावाच्या सेटिंगने. वीज वाचवण्यासाठी ही सोय बंद संगणकाचा स्टँडबाय पुरवठा अगदी कमी करते, त्यामुळे यूएसबी आणि नेटवर्क दोन्ही निपचित पडतात. ती चालू केली, तरी मशीन उठलं. पॉवर बटण मात्र ईआरपी चालू असतानाही काम करतं. सगळी बोटं आता तिकडेच वळत होती.

आणि तेव्हा मला पुतण्या आठवला. महिनाभरापूर्वी तो रंगात येऊन खेळत असताना आर्केड मध्येच बंद पडलं होतं. “काका, मी काहीच नाही केलं,” म्हणाला, आणि मी त्याला बटणं इतकी बडवू नकोस म्हणून दटावलं होतं. त्या दिवसाच्या नोंदी इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत काढल्या. अचानक वीज गेली असती तर पुढच्या वेळी सुरू होताना ६००८ क्रमांकाची नोंद पडली असती. इथे ती नव्हती, म्हणजे विंडोज रीतसर आवरून बंद झालं होतं, कोणीतरी पॉवर बटण दाबल्यासारखं. बटणाच्या त्या दोन तारा आपोआप एकमेकींना टेकल्या तर चालू मशीन बंद, बंद मशीन चालू. दोन तक्रारी नव्हत्याच, एकच होती. हे मला पहिल्याच आठवड्यात सुचायला हवं होतं.

मदरबोर्डवरून त्या दोन तारा उपसल्या. मशीन सुरू करायचं तर स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन पिनांना निमिषभर टेकवायचं. चार रात्री शांततेत गेल्या.

पाचव्या दिवशी मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर, म्हणजे दोन टोकं जोडलेली असली की बीप देणाऱ्या सेटिंगवर, ठेवून सुटलेल्या टोकांना लावला. बटण न दाबता बीप यायला नको, आणि आलीही नाही. मग पॅनेल बिजागरीवर उचलून हळूहळू खाली आणलं. अगदी शेवटच्या बोटभर अंतरात बीप वाजली, थांबली, पुन्हा वाजली. तारा बिजागरीच्या पानाखालून गेल्या होत्या. प्रत्येक वेळी पॅनेल मिटताना त्या तिथे चेंगरत होत्या, आणि दोन्हींचं आवरण कापलं जाऊन आतलं तांबं दिसत होतं. मोकळ्या तांब्यात केसाएवढं अंतर उरलं होतं. पुतण्याच्या भारानं ते मिटलं. रात्री काय होत असावं, तर दिवसभर तापलेलं लाकूड आणि पत्रा गार होऊन आकसत असणार.

नवी तार घातली, बिजागरीपासून दूर नेली, पॅनेल उघडताना ताण पडू नये म्हणून थोडी सैल ठेवली आणि लाकडातल्या भोकात तार घासू नये म्हणून रबरी कडं, ग्रोमेट, बसवलं. बटणाखालच्या मायक्रोस्विचवर जोडणी कॉमन आणि नॉर्मली ओपन, म्हणजे दाबल्यावरच जुळणाऱ्या, टोकांना आहे ना, तेही पुन्हा तपासलं. पुतण्याला फोन करून सांगितलं की तुझी काही चूक नव्हती.

मदरबोर्डला तारा जोडण्याआधी मल्टिमीटर लावून पॅनेल वीसेक वेळा उघडमीट केलं, वरून दोन्ही हातांनी दाबूनही पाहिलं. बीप फक्त बटण दाबल्यावरच आली.