इंजेक्शनं माझी, गोळ्या तिला

लग्नाला तीन वर्षं झाली तरी पाळणा हलेना. तपासण्या अर्थातच बायकोच्या सुरू झाल्या. सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, एक दिवसाआड फॉलिकल (स्त्रीबीजाची पिशवी) मोजायला चकरा. सगळं नॉर्मल. तरी एका दवाखान्यात थेट टेस्ट ट्यूबचं पॅकेज पुढे ठेवलं. माझी तपासणी कुणी सांगितली नाही, आणि मीही विषय काढला नाही. मनात पाल चुकचुकत होती, म्हणूनच.

मिरजेच्या डॉक्टर बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "मिस्टरांचा रिपोर्ट कुठाय?"

रिपोर्टवर शुक्राणूंच्या रकान्यात एकच शब्द होता : निल.

पुढे ज्यांच्याकडे पाठवलं त्या डॉक्टरांनी कागदाआधी माझे दंड पाहिले. "जिमला जाता? काय घेता?" मी म्हटलं, प्रोटीन. ते काहीच बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. बायको शेजारी. मग मी खरं सांगितलं : दोन वर्षं, आठवड्याला एक टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन. ट्रेनर आणून द्यायचा. पुरुषी ताकदीचं औषध मूल होण्याच्या आड येईल, हे डोक्यातच आलं नव्हतं.

बाहेरून हार्मोन येतंय म्हटल्यावर मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच, म्हणजे वृषणाला कामाला लावणारी हार्मोन्स, पाठवणं थांबवते. मग रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर, पण वृषणात दुष्काळ. माझे एलएच-एफएसएच शून्याला टेकलेले. डॉक्टर म्हणाले, "हे त्यातल्या त्यात बरं. मशीन बिघडलेली दिसत नाही, लाईट बंद केलीय तुम्ही."

इंजेक्शनं बंद. त्याऐवजी एचसीजीची, म्हणजे एलएचसारखंच काम करणाऱ्या हार्मोनची, सुरू, आठवड्यातून तीनदा, पोटावर. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे तीन महिन्यांआधी रिपोर्ट काढू नका, असं बजावलं. ते महिने वाईट गेले. अंगात त्राण नाही, चिडचिड, शर्ट खांद्यात ढिले. पहिला रिपोर्ट पुन्हा निल. सातव्या महिन्यात मिलिलीटरला ४० लाख, वर्षभराने २ कोटी १० लाख. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची किमान रेषा १ कोटी ६० लाखांची आहे.

एवढं होऊनही आई हिलाच विचारायची, "डॉक्टर काय म्हणाले गं?" ही "चाललंय" म्हणून आत निघून जायची. हे मी चार महिने ऐकलं. मग एकदा म्हटलं, "आई, तिला नको विचारूस. औषध माझं चाललंय."

आईने टीव्हीचा आवाज कमी केला. "कधीपासून?"