‘फेल आउट’

मिरजेत नऊ वर्षं वॉर्ड सांभाळून मी इंग्लंडात यॉर्कशायरला नर्स म्हणून आले, तेव्हा ओईटी या डॉक्टर-नर्सांसाठीच्या भाषेच्या परीक्षेत बी ग्रेड होता आणि इंग्रजीची धास्ती नव्हती. पहिल्याच महिन्यात हाडांच्या वॉर्डात एक आजोबा म्हणाले, ‘आय फेल आउट विथ माय सन.’ खुब्याचं ऑपरेशन झालेला माणूस, त्यात माझ्या कानाला ‘फेल’ एवढंच लागलं. कधी पडलात, डोकं आपटलं का, असं विचारत मी पायावरची चादर बाजूला करून तपासायलाच लागले. आजोबांनी माझा हात धरला. पडलो नाही गं, म्हणाले, मुलाशी बिनसलंय. अकरा वर्षं बोलणं नाही.

त्या दिवसापासून युनिफॉर्मच्या खिशात छोटी वही ठेवते. ‘थ्रू अप’ म्हणजे उलटी झाली. ‘ब्रिंगिंग एनिथिंग अप?’ म्हणजे खोकल्यातून कफ पडतोय का. आपण कॉलेजातून ‘पास आउट’ होतो, इथे पास आउट म्हणजे शुद्ध हरपणं. आणि ‘पास अवे’ म्हणजे आपलं ‘गेले’. नातेवाइकांना फोनवर सांगताना हे दोन मी आजही थांबून, जपून उच्चारते. भलताच निरोप गेला तर त्या घरावर काय ओढवेल!

पाठ करायच्या याद्यांनी मला फार काही दिलं नाही, मदतीला आली ती मराठीच. आपण बोलून टाकतो, बोलून बसतो, बोलून दाखवतो. बोलून टाकलं की मोकळं वाटतं, बोलून बसलं की जिवाला घोर लागतो. हा फरक आपल्याला कुणी कधी शिकवला? इंग्रजीत मागे लागणारे अप, आउट, ओव्हर पुष्कळदा हेच काम करतात. ‘इट अप’ म्हणजे खाऊन टाक, ‘सिट अप’ म्हणजे उठून बसा. सगळीकडे असं चपखल बसत नाही, पण कान तयार होतो. आपल्याकडच्या नव्या मुली येतात त्यांना मी सांगते, पेशंट बोलला ते वाक्य अख्खं लिहून ठेवा, तो काय सांगत होता तेही लिहा.

‘कम राउंड’चा मला एकच अर्थ ठाऊक होता, भूल उतरून शुद्धीवर येणं. आजोबांना घरी सोडायच्या आदल्या संध्याकाळी मी गोळ्या द्यायला गेले, तर ते म्हणाले, ‘माय सन्स कमिंग राउंड टुमॉरो.’ मी क्षणभर गोंधळले. मग त्यांच्याकडे बघून विचारलं, घरी? भेटायला?

हो, म्हणाले. चहाला. आणि गालावरून हात फिरवत विचारलं, सकाळी जरा दाढी करून देशील का?