पगाराचा कागद

2020 च्या मार्चमध्ये होळी आटोपली आणि करोनामुळे उन्हाळी सुट्टीची बुकिंगं धडाधड रद्द व्हायला लागली. दिवेआगरला आमचं 18 खोल्यांचं रिसॉर्ट, मी मॅनेजर, हाताखाली 22 जण. मालक मुंबईत अडकलेले. जो तो एकच विचारी, "दादा, पगाराचं काय?" पहिले आठ दिवस मी "बघू, होईल काहीतरी" म्हणत राहिलो. ती माझी चूक होती. तेवढ्यात रिसॉर्ट विकायला काढल्याची अफवा पसरली.

मग मालकांशी फोनवर बसून हिशेब केला आणि तो कागद किचनच्या दारावर चिकटवला. बँकेत शिल्लक किती, गिऱ्हाइकांना परत किती द्यायचे, सगळं. दहा हजारांच्या आत पगार असेल त्याला पूर्ण, माझ्यासकट वरच्यांना अर्धा. गावी जाता न आलेल्या तिघा नेपाळी मुलांना राहणं-जेवण वेगळं. कुरकुर झाली, पण अफवा थांबली.

3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. दुपारभर पत्रे उडण्याचा आवाज, आणि वारा पडल्यावर बाहेर आलो तर सुपारीची वाडी आडवी. रिसॉर्टसाठी ताडपत्र्या आणून ठेवल्या होत्या. त्यातल्या बहुतेक स्टाफच्या घरांवर घातल्या. आमच्या खोल्या भिजल्या त्या भिजल्या. स्वतःचं घर उघडं टाकून कामावर ये, हे कुणाला सांगायला माझी जीभ रेटली नाही.

हातात पैसा नव्हता. केंद्राने करोनासाठी पीएफमधून आगाऊ उचल खुली केली होती: तीन महिन्यांचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, किंवा शिल्लकेच्या 75 टक्के, यातलं जे कमी असेल ते. परत भरायचं नाही. पण अर्ज ऑनलाइन, ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर, आणि गावात ना वीज ना रेंज. जनरेटर दोन तास लावायचो. टेबलावर फोन ओळीने मांडलेले, प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. मग चार-चार जणांना गाडीत घालून माणगावच्या रस्त्याला, रेंज येईल तिथे थांबायचं आणि गाडीतच अर्ज भरायचे.

हाउसकीपिंगच्या मावशींचा अर्ज दोनदा फेटाळला गेला. पीएफला माहेरचं नाव, आधारवर सासरचं. ही नोंद मीच तपासायला हवी होती. नाव दुरुस्त करायला मालक आणि कामगार दोघांचं संयुक्त घोषणापत्र भरलं, मालकांची सही आणली, पाठपुरावा केला. पैसे आले तेव्हा पावसाळा अर्धा सरला होता. मावशींनी त्यातून स्वयंपाकघरावर पत्रे घातले.

8 जुलैपासून राज्याने 33 टक्के क्षमतेवर लॉजिंगला परवानगी दिली, पण आमचं छप्परच तयार नव्हतं. दिवाळीला उघडलं. 22 पैकी 19 जण परत आले.

आता नवा माणूस रुजू झाला की पहिल्याच दिवशी आधार आणि पीएफचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघतो. मावशी शेजारी उभ्या राहतात आणि मोठ्याने वाचायला लावतात.