शिरीषाच्या फांदीवरचे दात

परवाच्या झडीनंतर नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या पायवाटेवर शिरीषाची वाळकी फांदी पडलेली दिसली. खालच्या बाजूला चुना फासल्यासारखा पांढरा थर. आई म्हणाली, "बुरा आलाय." दहापट भिंग लावलं तेव्हा थरातून लोंबणारे दात दिसले, जेमतेम २ मिलिमीटरचे, चपटे, टोकाशी फाटलेले. कितीतरी वेळ मी तिथेच उकिडवी बसून होते.

हे चपटेपण महत्त्वाचं. आयर्पेक्स लॅक्टियस या कवकाला आधी छिद्रं असतात. छिद्रांच्या भिंती फाटत जातात आणि त्यांचेच दात होतात. थराच्या कडेला मला न फाटलेली छिद्रंही सापडली. स्टेकेरिनम ऑक्रेशियम या दिसायला मिळत्याजुळत्या कवकाचे दात केशरट-पिवळसर असतात, पण रंगावर विसंबू नये. जुना आयर्पेक्सही पिवळट पडतो.

म्हणून तुकडा कागदी पाकिटात आणला (प्लॅस्टिकमध्ये घामेजून कुजतो) आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. स्फटिकांचं कवच चढलेल्या जाड भिंतीच्या पेशी दोन्हींत असतात, त्यावरून निर्णय होत नाही. तो होतो कवकतंतूंच्या सांध्यांवरून: स्टेकेरिनमच्या सांध्याशी क्लॅम्प नावाचा छोटा फुगवटा असतो, आयर्पेक्सच्या नसतो. तासभर शोधला. एकही नाही.

फांदीचं लाकूड फिकट, तंतूतंतू झालेलं. लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा घटक, तोसुद्धा फस्त करणारी पांढरी कूज ती. आईनेही मग भिंगातून पाहिलं. "अगं, करवतीचं पातंच की!"

उरलेली फांदी होती तिथेच ठेवलीय. पाऊस असेपर्यंत दर रविवारी जाऊन बघणार.