कुठल्या झाडावरचं बांडगूळ?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. बॉटनी शिकवते म्हटलं की लोकांना मी अर्धी वैद्य वाटते, आणि मग ठरलेला प्रश्न, "बांडगूळ औषधी असतं ना, कुठल्या पण झाडावरचं चालतं का हो?"

नाही चालत.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत मे महिन्यात छाटणी झाली तेव्हा आंब्याची एक फांदी मी घरी उचलून आणली (घरच्यांनी नेहमीसारखी तोंडं वाकडी केली). बांडगूळ चिकटलेलं तिथे मुठीएवढी गाठ. सुरी चालेना, शेवटी करवत घेतली, आणि आत बघते तर आंब्याचं लाकूड कुठे संपतं आणि बांडगुळाचं कुठे सुरू होतं तेच धड कळेना. सगळी गोम तिथेच आहे. बांडगुळाला हिरवी पानं असतात, साखर ते स्वतःची स्वतः बनवतं, पण पाणी आणि क्षार मात्र झाडाच्या जलवाहिन्यांना गुपचूप नळ जोडून ओढतं, आणि पानांतून पाणी उडवतं ते झाडापेक्षा जास्त, त्यामुळे ओढतं पण जास्त. मग त्या पाण्यात झाडाचं जे काय विरघळलेलं असेल ते पण आलंच की सोबत.

आता झाड आंबा असेल तर ठीक आहे. पण कण्हेर असेल तर? तीच हो, हायवेच्या डिव्हायडरवर लावतात ती. कण्हेरीत हृदयावर परिणाम करणारी विषारी रसायनं, ग्लायकोसाइड्स, असतात, आणि कण्हेरीवर वाढलेल्या आपल्या नेहमीच्याच बांडगुळात ती सापडलेली आहेत. पानं तीच, लांबट केशरी फुलं तीच, दिसायला काडीचा फरक नाही.

सगळंच झाडाकडून येतं असंही नाही हां. क्वेर्सेटिनसारखी फ्लॅव्होनॉइड्स (वनस्पतींत सापडणारी एका गटातली रसायनं) बांडगूळ स्वतः बनवतं, झाड बदललं की त्यांचं प्रमाण कमीजास्त होतं. म्हणजे थोडं स्वतःचं, थोडं उसनं.

चिनी लोकांनी तर झाड नावातच घालून ठेवलंय. त्यांच्या एका जुन्या औषधाचं नाव सांग जी शंग, त्यातलं सांग म्हणजे तुती. युरोपात बांडगुळाच्या तिकडच्या भावंडाची इंजेक्शनं बनवतात ती पण सफरचंदावरची वेगळी, ओकवरची वेगळी, पाइनवरची वेगळी. (कॅन्सरच्या पेशंटना देतात, पण त्याने कॅन्सर बरा होतो असं काही सिद्ध झालेलं नाही, तो वाद वेगळा.) अमरवेल तर आणखी पुढची, तिला धड पानंच नाहीत, त्यामुळे ती पाण्याबरोबर झाडाने बनवलेलं अन्नसुद्धा ओढते.

आणि बांडगूळ कुठे उगवणार ते ठरवतो फुलटोच्या. एवढासा पक्षी, फळ खातो, चिकट बी मागून फांदीला पुसतो आणि भुर्रकन उडून जातो, खाली आंबा आहे का कण्हेर त्याला काय घेणं. आपलं बांडगूळ 300 हून जास्त प्रकारच्या झाडांवर सापडलंय.

हे सगळं मी तळमजल्यावरच्या काकूंना उभ्याउभ्या सांगितलं, कारण छाटणीच्या ट्रकमधून त्यांनी पिशवीभर बांडगूळ काढून घेतलं होतं, काढा करायला. त्या ट्रकमध्ये अख्ख्या रस्त्याच्या फांद्या. कुठल्या झाडावरचं, विचारलं तर म्हणाल्या आंब्याचंच असणार, बाजूला आंब्याची पानं होती ना. काकूंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पिशवीत एकदा डोकावल्या आणि म्हणाल्या, "बरं, मग हापूसवरचं चांगलं का पायरीवरचं?"