बिटेक्स ४०: ५१०चा घोळ सुटला, आता फायनल शिट्टी मारतोय

घरी जोडत असलेल्या बिटेक्स ४० या ४० मीटर बँडच्या (७ मेगाहर्ट्झ) हौशी रेडिओ संचाच्या फायनलमधून, म्हणजे शेवटच्या पॉवर अॅम्प्लिफायरमधून, अखेर पाच वॅट निघाले. ५० ओहमच्या डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायचे रेझिस्टर) डिटेक्टर २३ व्होल्ट पीक दाखवतो, म्हणजे हिशेबाने पाचच्या थोडं वरच. मागच्या अपडेटला हाच बोर्ड १२ व्होल्टवर अडकला होता, दीड वॅटही नाही. ड्रायव्हर (फायनलला सिग्नल पुरवणारा टप्पा) तोच, ट्रान्सफॉर्मर तोच, सप्लाय तोच. बदलला तो फक्त आयआरएफ५१०, फायनलमधला मॉसफेट ट्रान्झिस्टर (फेट).

मागच्या अपडेटवर तुमच्यापैकी बहुतेकांनी ड्रायव्हरवर संशय घेतला होता. मलाही तेच वाटत होतं, म्हणून ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळला, एमिटरचे बायपास बदलले, ड्रायव्हरचा करंट वाढवून पाहिला. आउटपुट ढिम्म. बायस, म्हणजे सिग्नल नसतानाचा फेटचा स्थिर करंट, मात्र शहाण्यासारखा वागत होता. प्रीसेट फिरवला की ६० मिलिअँप व्यवस्थित सेट व्हायचे, त्यामुळे फेटवर शंका घ्यायला जागाच नव्हती. धागा हाती लागला तो स्कोपवर. फेट काढला की गेटच्या पॅडवर ड्रायव्हरचा साइन ताठ उभा, फेट लावला की आडवा.

आता डेटाशीट बघा. ५१०चा इनपुट कपॅसिटन्स १८० पिकोफॅरड, म्हणजे ७.१ मेगाहर्ट्झला गेट साधारण १२५ ओहमचा दिसतो. त्याच घराण्यातल्या ५३०चा ६७०, म्हणजे जेमतेम ३३ ओहम. मोठ्या डायच्या (आतल्या सिलिकॉन चिपच्या) एखाद्या फेटवर कुणी ५१०चा छाप मारला, तर डीसीवर तो उलट जास्तच चांगला वागेल. मल्टिमीटर खूश, बायस खूश. फक्त ४० मीटरवर ड्रायव्हर बिचारा गेट भरता भरताच दमणार.

मग तो स्वस्तातला एलसीआर टी४ टेस्टर काढला (मेगा३२८वाला, एन मॉसफेट म्हणून ओळखून गेटचा कपॅसिटन्स दाखवतो तो). डेटाशीटमधले १८० हे ड्रेनवर २५ व्होल्ट असतानाचे आहेत. टेस्टरवर इतका व्होल्टेज नसतो, त्यामुळे खरा ५१०सुद्धा तिथे जास्तच दाखवतो. म्हणून आकडा डेटाशीटशी जुळवत बसू नका, तुकडे आपापसांत ताडून बघा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दोन वेगवेगळ्या दुकानांतले माझे सगळे तुकडे नॅनोफॅरडच्या पुढे होते. छपाई मात्र सुबक, लोगोसकट! एका काउंटरवर विचारलं तर उत्तर आलं, "ओरिजिनल ही है साहब, चायना का ओरिजिनल." यावर वाद काय घालणार.

शेवटी अधिकृत वितरकाकडून मागवले. तिथे वेगळाच छळ. पाच फेटच्या किमतीपेक्षा डिलिव्हरी महाग, मग ती वसूल करायला कार्ट भरत सुटायचं: टी५०-२ आणि एफटी३७-४३ (कॉइल गुंडाळायच्या कड्या, म्हणजे टोरॉइड), एक जास्तीचं एसआय५३५१ फ्रिक्वेन्सी मॉड्यूल. एवढं झाल्यावर ऐन दुपारी मी घरात सोल्डरिंग करत असताना मेसेज आला, "घर बंद असल्याने पार्सल परत." खाली वॉचमनला विचारलं, तर गेटवर कुणी फिरकलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी आलं, हेही नशीब. पण पाकीट उघडलं तेव्हा जीव निवला. अँटिस्टॅटिक पिशवी, त्यावर लॉट नंबर, आणि टेस्टरवर दुकानातल्यांच्या साधारण एक तृतीयांश कपॅसिटन्स. सोल्डर केला, ट्रान्समिटची की दाबली, २३ व्होल्ट. मी दोनदा लीड तपासून पाहिली.

आता यावरून "लॅमिंग्टन संपला" असं कुणी लिहू नका. माझ्या क्रिस्टल फिल्टरचे १२ मेगाहर्ट्झचे क्रिस्टल तिथलेच आहेत. दुकानदाराने अख्खं पाकीट पुढ्यात ओतलं, मी एकाच बॅचचे वेचून घेतले, घरी ऑसिलेटरवर लावले आणि ५० हर्ट्झच्या आत बसणारे चार सहज मिळाले. मॉनिटरवर स्वतःचा आवाज ऐकला, दुसरी बाजू (नको असलेला साइडबँड) जवळजवळ गायब. या फिल्टरवर मी अजून खूश आहे. डमी लोडचे १ किलोओहमचे एक वॅटवाले कार्बन रेझिस्टरही तिथलेच, २० समांतर. (मागितल्यावर आधी सिमेंटचे वायरवाउंड पुढे आले. ते नकोत, आत कॉइलच असते.) एनॅमल वायर मात्र लोहार चाळीतून वजनावर घ्या, लॅमिंग्टनला रीळ महाग पडतं.

माझा हिशेब किमतीचा नाही. जे घरी पाच मिनिटांत पारखता येतं ते दुकानातून, ज्याची लबाडी फक्त ७ मेगाहर्ट्झला कळते ते कुरिअरने. अशर फरहान यांनी मूळ बिटेक्स आखला तोच मुळी इथे सहज मिळणाऱ्या सामानावर. टोरॉइड मिळत नाहीत तर नळाचा वॉशर घ्या आणि त्यावर कॉइल गुंडाळा, हा त्यांचा खाक्या. वॉशर निदान दुसरंच काही असल्याचा आव आणत नाही.

आता नवं दुखणं. खऱ्या ५१०ला गेन आहे, आणि तो सगळा गेन कामाला लागलाय. बायस थोडा वर नेला की ड्राइव्ह शून्य असतानाही करंट एकदम उडी मारून अँपिअरच्या पुढे जातो, आणि शेजारचा ट्रान्झिस्टर रेडिओ शिट्टी मारतो. म्हणजे ऑसिलेशन, फायनल स्वतःच सिग्नल तयार करतोय. गेटच्या पायात १० ओहम टाकला, थोडा फरक पडला. रविवार होता, लॅमिंग्टनला शटर खाली, म्हणून भंगारातल्या कॉम्प्युटर एसएमपीएसमधल्या डायोडच्या पायावरचं फेराइट बीड काढून गेटवर सरकवलं. शिट्टी गेली. पण डमी लोडची कोअॅक्स हलवली की पुन्हा डोकावते, त्यामुळे अँटेना अजून जोडलेली नाही.

योजना होती दोन ५१० पुशपुलमध्ये (आळीपाळीने काम करणारी जोडी) लावायची, आणि बोर्डवर जागाही सोडली होती. हे लिहिता लिहिता विचार बदलतोय. आधी ड्रेनपासून गेटपर्यंत रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोचं निगेटिव्ह फीडबॅक टाकून बघतो. गेन थोडा जाईल, गेला तर गेला, ड्राइव्ह आता भरपूर आहे. आणि दुसरं म्हणजे बीएस१७० हा छोटा मॉसफेट. क्यूसीएक्स या मोर्सच्या किटमध्ये तीन समांतर लावून क्लास ई (स्विचसारखे) चालवतात. आपल्याला एसएसबीसाठी (एकाच साइडबँडवर आवाज पाठवायला) लिनिअर हवं, म्हणून बायस वेगळा लागेल, पण इनपुट कपॅसिटन्स डेटाशीटला जास्तीत जास्त ६० पिको. चार समांतर धरले तरी त्या नकली ५१०पेक्षा ड्रायव्हरला हलकेच. शिवाय टीओ-९२ पॅकेज, दोन दुकानांतून थोडे थोडे आणून टेस्टरवर ताडता येतील. छोट्या वेगळ्या बोर्डवर करतो, पुशपुलची जागा तूर्त रिकामी.

नकली ५१० फेकले नाहीत. बेंच सप्लाय तपासायला इलेक्ट्रॉनिक लोड करायचाय, त्यात डीसीवर मजेत चालतील. पाठीवर मार्करने फुल्या मारून ठेवल्यात.

मग लो पास फिल्टर (आउटपुटमधल्या वरच्या फ्रिक्वेन्सी कापणारा). त्यासाठीचे डिस्क कपॅसिटर आणलेत, दुकानाच्या मते एनपीओ (उष्णतेने आकडा न हलणारे). कपॅसिटन्स मीटरला लावून तापलेली सोल्डरिंग आयर्न जवळ धरली, तर त्यातल्या काहींचा आकडा भसाभस खाली गेला. ते बाजूला काढले. जे जागचे हलले नाहीत ते फिल्टरमध्ये जातील, पण ४७० पिकोचे पुरेसे उरले नाहीत. कुणाकडे जुन्या रिगमधले सिल्व्हर मायका कपॅसिटर पडून असतील तर कळवा. आणि ५१० किंवा टी५०-२ हवे असतील तर शनिवारच्या आत सांगा, मायका मिळाले नाहीत तर पुन्हा कार्ट भरावीच लागणार आहे, डिलिव्हरी वाटून घेऊ.